विहिरीतल्या मुलाची बातमी

धरमपेठेत मी ज्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होतो, ते काका पुस्तके चाटायचे. हे वाक्य मी बऱ्याचदा खोडून पुन्हा लिहिले आहे. सुरुवात जरा बरी व्हावी असे वाटत होते. पण त्यांच्याबद्दल लिहायचे तर ते कुठेतरी येणारच, मग आधीच सांगून टाकलेले बरे.

सगळी पुस्तके नाही. फक्त लहान मुलांची. नवे पुस्तक हातात आले की ते चष्मा कपाळावर सरकवायचे, कव्हराच्या खालच्या कोपऱ्याला जीभ लावायचे आणि थोडा वेळ समोरच्या भिंतीकडे बघत बसायचे. मग जमिनीवर बसून वाचायला घ्यायचे. खुर्चीवर बसून वाचले तर पुस्तक मोठ्यांचे होते, असे त्यांचे मत होते. चाटण्याबद्दल कोणी विचारले तर ते शांतपणे म्हणायचे, "पुस्तकाचा पहिला वाचक ते तोंडात घालतो. त्याचा अभिप्राय कोणी घेत नाही."

हे सगळे ते फळ्यावर लिहायचे. त्यांच्या घराला तारेचे कुंपण होते, म्हणून फळा शेजारच्या वकीलसाहेबांच्या भिंतीवर होता. रस्त्याच्या बाजूला भिंतीचा मोठा तुकडा काळा रंगवलेला, वर पांढऱ्या रंगात कायमची अक्षरे: 'बालपुस्तकांच्या जगातून'. त्याखाली रोज खडूने ताज्या बातम्या. येणारे-जाणारे सायकलवरून उतरून वाचायचे. मला आठवतात त्या अशा:

'नवीन परीकथा दाखल. राजपुत्र नेहमीचाच. चव कडवट, वास घासलेटाचा. बांधणी उशीखाली एक रात्र टिकली.'

'सशाच्या पुस्तकात सशाचे कान सुरुवातीला लांब, शेवटी आखूड. मधल्या काळात काय झाले याबद्दल चित्रकाराकडे विचारणा.'

'या आठवड्यात नवे पुस्तक नाही. नागरिकांनी जुने वाचावे.'

शेवटची बातमी बऱ्याच आठवड्यांत असायची.

काकांची नोकरी एका दैनिकात झाली होती. तिथे ते बातमीदार नव्हते. कचेरीबाहेरच्या फळ्यावर ठळक बातम्या खडूने लिहिण्याचे काम त्यांच्याकडे होते. निवडणुका, लढाया, रेल्वेचे अपघात, सगळे त्यांच्या हातून शहराला कळले. एकदा मी विचारले की निवृत्त झाल्यावर लहान मुलांची पुस्तकेच का. ते म्हणाले, "मोठ्यांना आयुष्यभर बातम्या दिल्या. कोणात फरक पडलेला दिसला नाही."

त्या नोकरीतले नियम मात्र त्यांनी सोडले नव्हते. बातमीला दोन सूत्रे पाहिजेत. विशेषण चालणार नाही. 'म्हणे' हा शब्द घरातही चालत नसे. आणि 'आमचा वार्ताहर' हे शब्द त्यांनी आपल्या फळ्यावर कधी लिहिले नव्हते. स्वतःसाठीसुद्धा नाही. "मी लिहिणारा. वार्ताहर तो, जो जागेवर जाऊन बघतो," ते म्हणायचे. जागेवर जाऊन बघायला त्यांना कोणी कधी पाठवले नव्हते.

मला खोली कशी मिळाली तेही सांगतो. मी कुहीजवळच्या एका खेड्यातून कॉलेजसाठी आलो होतो. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेले नव्हते, त्यामुळे काय विचारायचे आणि कोणाला, हेही सांगणारे कोणी नव्हते. त्या आठवड्यात मी पुष्कळ खोल्या पाहिल्या. आडनाव सांगेपर्यंत त्या रिकाम्या असायच्या. काकांच्या ओसरीवर मी आडनाव सांगायच्या तयारीनेच उभा होतो. त्यांनी विचारले, "लहानपणी काय वाचलंस?"

"काही नाही जी."

"काहीच नाही?"

"शाळेचं पुस्तक. तेही चुलतभावाचं जुनं होतं. त्याले मागची पानं नव्हती."

"म्हणजे शेवटच्या धड्याला शेवट नव्हता?"

"नव्हता. परीक्षेत तो धडा आला नाही, म्हणून बरं झालं."

काका खुर्चीतून उठले. दुर्मिळ पक्षी बघावा तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले. "एकोणीस वर्षांचा आणि वाचक म्हणून कोरा," ते म्हणाले, "सामान कुठाय?" आडनाव त्यांनी पुढे केव्हातरी पोस्टमनला सांगायचे म्हणून विचारले. मी खोलीत बुद्धाचा फोटो लावला तेव्हा खिळा त्यांनीच दिला, आणि फोटो जरा डावीकडे झुकलाय एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर एक पुस्तक ठेवले. माझ्या आयुष्यातले पहिले गोष्टीचे पुस्तक मी वाचण्याआधी चाटले. चव चुन्यासारखी होती. तसे सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली आणि फळ्यावर 'चुन्यासारखी' लिहिले. माझा शब्द कोणी जाहीर ठिकाणी लिहिण्याची ती पहिलीच वेळ.

माझे राहिलेले बालपण रीतसर पुरे करायचे, असे त्यांनी ठरवले होते. वयाच्या क्रमाने पुस्तके द्यायचे. कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकत होतो, घरी मी चार वर्षांचा होतो. दिवाळीपर्यंत सहा वर्षांचा झालो. एकदा मी विचारले, ससा माणसासारखा काहून बोलतो? काका म्हणाले, "हे विचारायचं वय नाही झालं तुझं अजून."

वकीलसाहेबांची मुलगी बेबी सात वर्षांची होती. म्हणजे वाचनात ती माझ्याहून मोठी होती, आणि हे तिला काकांनी सांगून ठेवले होते. ती कुंपणापाशी येऊन माझा अभ्यास घ्यायची. "दादा, अस्वलाचं झालं का तुझं?"

"अर्धं झालं."

"अजून अर्धंच? मी पाच वर्षांची होती तेव्हा एका दिवसात वाचलं."

आता विहिरीतल्या मुलाचे सांगतो.

काकांकडे मुलांचे एक मासिक टपालाने यायचे. त्यात एक गोष्ट क्रमशः चालली होती. काका तिचा मजकूर दर महिन्याला बातमीच्या भाषेत फळ्यावर द्यायचे आणि पोरे त्यासाठी थांबून राहायची. गोष्टीतला मुलगा चोरांचा पाठलाग करता करता एका खेड्यातल्या विहिरीत पडला. दगडाच्या कपारीला धरून तो ओरडतो आहे, इथे तो हप्ता संपला. खाली लिहिले होते, 'पुढील अंकी'. आणि पुढील अंक आलाच नाही. काकांनी कार्डे पाठवली. मासिक बंद पडल्याचे छापील उत्तर आले.

दुसऱ्या कोणीही ही गोष्ट तिथेच सोडली असती. काकांनी फळ्याच्या तळाशी एक ओळ लिहायला सुरुवात केली: 'विहिरीतील मुलाबद्दल अद्याप वृत्त नाही.' रोज पुसायचे आणि रोज तीच लिहायचे. पावसाळा गेला, थंडी आली, ओळ तशीच. शाळेत जाणारी पोरे आधी तळाशी बघायची आणि गप्प होऊन पुढे जायची. मी सकाळी कॉलेजला निघताना तिथूनच जायचो. मीही आधी तळाशीच बघायचो.

मग एका सकाळी वकीलसाहेब धोतराचा सोगा हातात धरून कुंपणापाशी आले. त्यांच्या अंगणात विहीर होती आणि घरचे सगळे पाणी तिचेच होते.

"काका! माझ्या विहिरीत पोळ्या तरंगून राहिल्या!"

"कोणत्या पोळ्या?"

"कोणत्या म्हणजे? गव्हाच्या! तुम्हाले काय करायचं?"

"लिहावं लागेल म्हणून विचारलं."

बेबीला बोलावले. तिने लपवले नाही. आपल्या ताटातली एक पोळी ती रोज त्या मुलासाठी विहिरीत टाकत होती. "इतके महिने झाले, तो जेवला नाही," ती म्हणाली.

"अगं, तो ह्या विहिरीत नाही," काका म्हणाले.

"जमिनीखाली पाणी सगळं एकच असतं. आमच्या बाईंनी शिकवलं."

काकांच्या नियमाने बेबी आणि बाई मिळून दोन सूत्रे होत होती.

विहीर उपसली. माणसे आत उतरली, शिळ्या पोळ्यांचा लगदा बादल्यांनी वर आला. गल्लीतली सगळी पोरे कठड्याभोवती होती. मी चाफ्याच्या झाडापाशी उभा होतो. जवळ ये असे मला कोणी म्हटले नाही, आणि येऊ नको असेही कोणी म्हटले नाही. मी आपला सवयीच्या अंतरावर होतो. संध्याकाळपर्यंत पाणी पूर्वीसारखे झाले आणि वकिलीणबाईंनी त्याच पाण्याचा चहा सगळ्यांना दिला. विहीर खराब होते आणि त्याच दिवशी पुन्हा चांगली होते, हे मी पहिल्यांदा पाहिले.

पण बेबीने त्या दिवसापासून पोळी खाणेच सोडले. त्याला मिळत नाही तर मलाही नको. भातावर राहू लागली. मग भातही टाकू लागली. आईने मारून पाहिले, वडिलांनी समजावून पाहिले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वकीलसाहेब पुन्हा आले. या वेळी ते ओरडले नाहीत.

"काका, लिहून टाका ना एकदाचं, की निघाला बाहेर म्हणून."

"कोणी सांगितलं?"

"मी सांगतो!"

"तुम्ही तेव्हा कुठे होतात?"

वकीलसाहेबांनी आयुष्यभर दुसऱ्यांना हाच प्रश्न विचारला होता. त्यांनी कपाळावर हात मारला. "पोरगी जेवून नाही राहिली, काका. रविवारपर्यंत त्या पोराले बाहेर काढा. नाही तर सोमवारी मी भिंतीले चुना मारतो. मग ना फळा, ना बातमी."

ते गेल्यावर काकांनी काळ्या रंगाचा डबा काढला आणि फळ्याला नवा हात दिला. ज्या भिंतीला चुना लागणार तिला रंग कशाला, हे मी विचारले नाही. उरलेला कोपरा मी रंगवला.

"खोटं लिहिलं तर ती जेवेल," थोड्या वेळाने ते म्हणाले, "पण मग उद्या मी काय लिहिलेलं ती खरं मानणार?" नंतर त्यांनी मासिकाचा तो शेवटचा अंक काढला. गोष्टीखाली लेखकाचे नाव होते आणि नावापुढे गाव: कन्हान. काका म्हणाले, "जागेवर जावं लागेल."

शनिवारी आम्ही एसटीने निघालो. काकांनी कोट घातला होता आणि खिशात खडू होता. नदीवरच्या पुलावर गाडी आली तेव्हा ते बराच वेळ खाली बघत राहिले. "नदी असती तर बरं झालं असतं," ते म्हणाले, "वाहत वाहत कुठंतरी लागला असता."

लेखक कोळशाच्या खाणीवर हजेरीबाबू होते. क्वार्टरच्या दारात बनियनवर उभे. कोणी आपल्याला भेटायला एवढ्या लांबून आले, हे त्यांना खरे वाटेना. काकांनी नमस्कार केला आणि उभ्यानेच विचारले, "तो मुलगा कसा आहे?"

"कोणता?"

"विहिरीतला."

लेखक खाटेवर बसले. "अरे बाप्पा," ते म्हणाले, "तो अजून तिथंच आहे का?"

मग त्यांनी सांगितले ते असे. संपादकांना दर हप्त्याच्या शेवटी मुलगा संकटात पाहिजे असायचा. त्या वेळी घाई होती, म्हणून यांनी त्याला विहिरीत टाकला. कसा काढायचा ते पुढच्या महिन्यात बघू म्हटले. पुढचा महिना आला नाही.

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही?" काका म्हणाले.

"नाही जी. खरं सांगू का, मी शहरातला. विहिरीत कधी वाकून नाही पाहिलं. खाण विचारा, खाणीचं सांगतो." मग त्यांचे लक्ष माझ्याकडे गेले. "हे कुठले?"

"कुहीकडचे," काका म्हणाले.

लेखकांचा चेहरा उजळला. "मग प्रश्नच मिटला! दादा, तुमच्याकडच्या विहिरीले आतून काय राहते? पायऱ्या? खाचा? पोरगं चढून येऊ शकते का?"

"मले नाही सांगता येणार."

"काहून? तुमच्या गावात विहीर नाही?"

"आहे. पण तिच्यावर आमचं जाणं नव्हतं." मी सांगायला नको होते असे वाटले, पण सुरू केले होते. "आई घागर घेऊन खाली उभी राहायची. वरून कोणी ओतलं तर भरायची."

लेखकांच्या पत्नी चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. लेखक आपल्या गुडघ्यांकडे बघू लागले. काकांनी मात्र बातमीचे विचारायचे सोडले नाही. तसे त्यांनी सोडले असते तर मी पुढचे बोललो नसतो.

"म्हणजे विहीर तू आतून पाहिलीच नाहीस?"

"नाही."

"बाहेरून?"

"लांबून."

"लांबून म्हणजे किती?"

मी विचार केला. "बोललेलं ऐकू येईल इतकं."

लेखकांनी मान वर केली. "ऐकू यायचं?"

"सगळं ऐकू यायचं. तिथं बसायचं म्हणजे कोणी येईपर्यंत ऐकतच बसायचं."

"मग तो पोरगा ओरडला, तर तुम्हाले ऐकू आला असता."

"आला असता."

"काय केलं असतं तुम्ही?"

घाईत उत्तर द्यावे असा तो प्रश्न नव्हता. चहा निवत होता. मी शेवटी म्हणालो, "आधी विचारलं असतं, जवळ येऊ का."

"कोणाले विचारता? भर दुपार. विहिरीवर चिटपाखरू नाही."

"तरी विचारलं असतं."

"कोणी उत्तर नाही दिलं. मग?"

"मग गेलो असतो."

"दोर?"

"रहाटाले असतो. त्यांचा."

"त्याले हात लावला असता?"

"लावला असता. पोरगं बुडून राहिलं होतं ना."

काकांनी एकदा लेखकांकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. मग काका हळूच म्हणाले, "दोन सूत्रं झाली." लेखक उठून टेबलाशी गेले, खाणीच्या हजेरीचे कागद बाजूला सारले आणि लिहायला बसले. लेखकांच्या पत्नींनी निवलेला चहा परत नेला आणि गरम करून आणला. पहिला कप मला दिला.

रविवारी सकाळी काकांनी फळा लिहिला तेव्हा रस्त्यावर निम्मी गल्ली जमली होती. बेबीला वकीलसाहेबांनी कडेवर घेतले होते. ती एवढी मोठी, पण उतरायला तयार नव्हती. काका एकेक ओळ लिहीत गेले आणि ती मोठ्याने वाचत गेली.

'विहिरीतील मुलगा सुखरूप बाहेर. त्याची हाक लांब बसलेल्या एका मुलाने ऐकली. त्या मुलास विहिरीजवळ येण्यास मनाई होती. त्याने जवळ येऊ का, असे विचारले. उत्तर मिळाले नाही. तो गेला. रहाटाचा दोर सोडून त्याने मुलास वर ओढले. दोघेही कुशल आहेत.'

पोरांनी आरडाओरडा केला. बेबीने केला नाही. तिने बातमी पुन्हा एकदा मनात वाचली आणि म्हणाली, "आमच्या विहिरीतून गेला का पण? बघावं लागेल."

"चल, बघ," वकीलसाहेब म्हणाले.

"मी नाही. मला कठड्यावरून दिसत नाही. दादा बघेल. दादा खोटं नाही सांगत, तो सहा वर्षांचा आहे."

ती खाली उतरली, माझे बोट धरले आणि फाटकातून ओढत नेले. चाफ्यापाशी माझे पाय थांबले. मी मागे वळून वकीलसाहेबांना विचारले, "येऊ का?"

"अरे, ये ना. विचारतो काय?" ते म्हणाले. मग त्यांनी रस्त्यावरूनच फळ्याकडे पाहिले, आणि माझ्याकडे पाहिले, आणि चष्मा काढून पुसत बसले.

मी कठड्यावर हात ठेवून वाकलो. आत वाकून बघायची माझी पहिलीच वेळ. दगड ओले होते. आतून गार वास येत होता. अगदी खाली आभाळाचा एक गोल तुकडा आणि त्यात माझे डोके.

"आहे का?" बेबीने विचारले.

"नाही. गेला."

"नक्की?"

"नक्की."

"कशी आहे विहीर?"

"खोल आहे," मी म्हणालो.

ती तिथूनच ओरडली, "आई, पोळी दे!"

आमचे बोलणे भिंतीपलीकडे काकांना ऐकू गेले होते. आम्ही रस्त्यावर आलो तेव्हा ते फळ्याशी उकिडवे बसून तळाला एक ओळ जोडत होते, जिथे इतके महिने ती दुसरी ओळ असायची. 'वकीलसाहेबांची विहीर पाहण्यात आली. ती खोल असून रिकामी आहे. — आमचा वार्ताहर.' त्यांनी हातावरचा खडू झटकला आणि मला म्हणाले, "उद्यापासून सात वर्षांची पुस्तकं."

सोमवारी भिंतीला चुना लागला नाही. सकाळी काका फळा पुसायला निघाले. मी म्हणालो, "राहू द्या ना एक दिवस." ते म्हणाले, "शिळी झाली. आज नवं पुस्तक आलंय." फडके भिजवायला पाणी हवे होते, आणि नळ गेला होता.

"विहिरीवरून आण," ते म्हणाले.

मी बादली घेऊन शेजारी गेलो. वकीलसाहेब ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. मी काही विचारले नाही. त्यांनीही मान वर केली नाही.